सुमनबाईचा येसर

३ फेब्रुवारी

ठरलं! आईच्या येसरची वेबसाइट करायची. दिवसभर ऑफिसात मंगल कार्यालयांच्या आणि दवाखान्यांच्या साइट करते मी, आणि घरात आई गहू, डाळ, धने, दगडफूल भाजून असा मसाला करते की साध्या आमटीला लोक बोटं चाटत बसतात. खातं कोण? गल्लीतली चार घरं. बाबा गेल्यापासून तिला हात रिकामे नको असतात.

संध्याकाळी थीम, म्हणजे साइटचे तयार साचे, बघत बसले. साडीच्या दुकानात शिरल्यासारखं झालं – सगळा ढीग उलगडला आणि शेवटी पहिलीवरच आले. एकीत कुठलीशी गोरी बाई चीज कापत होती. एकीत नुसती फुलं. शेवटी एक साधा सांगाडा घेतला. वर मोठा फोटो, मध्ये माल, खाली ‘आमच्याविषयी’. बाकी रंग, अक्षरं आपल्याला हवी तशी बसवता येतात.

६ फेब्रुवारी

आईचा फोटो काढला. तिनं जयंतीची पांढरी साडी नेसली आणि बरोबर बाबासाहेबांच्या फोटोखाली जाऊन बसली. म्हटलं, आई, अंगणात ये, उजेड चांगला आहे.

“न्हाई. हितंच काढ.”

‘आमच्याविषयी’त फोटो टाकला, खाली नाव. आई साक्षरता वर्गात नाव लिहायला शिकली, तेवढंच वाचते. लॅपटॉपवर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं – सुमनबाई व्यंकटी...

“सोनकांबळे बी आलं का?”

“आलं.”

“मग झालं.”

१२ फेब्रुवारी

उज्वलाचा फोन. लातूरच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. तिला साइटचे फोटो पाठवून दाखवले. म्हणाली, “लई मस्त दिसतंय गं. पण नाव एवढं ठळक कशाला? रागावू नको. तुझ्या भल्याचंच सांगते.”

रागावले नाही. तेच तर वाईट.

महिन्याला आई येसरची बरणी द्यायची, सगळी खोली खायची. एका रविवारी खोलीतल्या एकीची आई भेटायला आली. चिमूटभर तळहातावर घेऊन चाखलं, वाहवा केली. मग विचारलं – “आडनाव काय गं बाळ तुझं?” सांगितलं. संध्याकाळी बरणी कचऱ्याच्या डब्यात होती. नीट झाकण लावलेली! उज्वलानंच ती बाहेर काढली, धुतली आणि माझ्या कपाटात ठेवली. त्यावर एक शब्द बोलली नाही, आजपर्यंत. म्हणून तिचं बोलणं लागतं.

१३ फेब्रुवारी

काढून टाकलं. सगळं ‘आमच्याविषयी’ उडवलं.

तेही कसं – थेट थीमच्या मूळ फाइलीत हात घालून. ऑफिसात नवीन कुणी आलं की मीच बजावते, मूळ थीमला शिवायचं नाही, आपली वेगळी चाइल्ड थीम करायची आणि सगळे बदल तिच्यात ठेवायचे. आज मलाच धीर नव्हता. म्हटलं, नंतर नीट करू. आधी हे दिसायचं बंद होऊ दे.

साइटचं नाव ‘घरचा येसर’. खाली एक ओळ – ‘परंपरागत चव’. कुणाची परंपरा, ते लिहिलं नाही.

२० फेब्रुवारी

साइट सुरू केली. आईला सांगितलं तेव्हा ती मिरच्या भाजत होती, घरभर ठसका. पदरानं नाक पुसत म्हणाली, “लक्ष्मम्मा असती तर तिला दावलं असतं.”

लक्ष्मम्मा कोण? मला ठाऊकच नव्हतं! नायगावच्या बाजारात लसूण विकायची म्हणे, देगलूरकडची. मी लहान होते तेव्हा आई येसर करायची आणि तो लक्ष्मम्माच्या पाटीत जायचा. आई लांब, झाडाखाली बसायची.

“लोक म्हणायचे, लक्ष्मम्माचा येसर द्या. म्या ऐकून राहायची. बाई चांगली व्हती, तिचा काय दोष न्हाई. पण नाव तिचं व्हतं.” मग तवा हलवत म्हणाली, “आता माझं लागलं. उशिरा का हुईना.”

तिथेच सांगायला हवं होतं. धूर डोळ्यांत गेला म्हणून बाहेर गेले.

२८ फेब्रुवारी

एकही ऑर्डर नाही.

७ मार्च

आल्या! लातूरहून, उदगीरहून, एक पार पुण्याहून. फोन वाजतो, उघडून बघते तर ऑर्डर!

बघ, मी केलं तेच बरोबर होतं. असं स्वतःलाच सांगून झालं. तरी जेवण गेलं नाही.

११ मार्च

लातूरच्या एका बाईंनी ऑर्डर रद्द केली. मी फोन करून विचारलं, काही चुकलं का? “न्हाई, चुकलं काय न्हाई. असू द्या. आमच्या घरी नको म्हणाले.” बोलणं अगदी गोड. बरणीचं झाकण आठवलं.

पण यांना कळलं कसं? नाव तर कुठंच नाही. हे लोक वासावरून ओळखतात की काय!

२२ मार्च

आईचे हात सुजलेत, तरी ऐकत नाही. शेजारची कोंडाबाई मदतीला येते. दोघी खलबत्त्यापाशी बसून कुणाकुणाची नक्कल करतात आणि हसतात. आईला इतकं हसताना कधी पाहिलं होतं?

तिला म्हटलं, विहारातल्या बायकांना साइटचं सांगत बसू नको.

“का म्हून?”

“उगाच. नजर लागते.”

आई खलायची थांबली. “सोनकांबळ्याची लेक तू. कवापासून नजर मानाय लागलीस?”



१३ एप्रिल

 

आई विहारात उद्याच्या जयंतीची तयारी करत होती, तिला न्यायला गेले. दारातच कोंडाबाईनं गाठलं. “तुझ्या मायचा फोटू लई ग्वाड आलाय गं! समद्या बायांनी पाह्यला.” आणि फोन माझ्यापुढं धरला.

साइट उघडी होती. खाली आई. पांढरी साडी, मागं बाबासाहेब. सुमनबाई व्यंकटी सोनकांबळे.

तिथल्या तिथं खोदून काढलं. मार्चच्या सुरुवातीला थीमचं अपडेट आपोआप येऊन गेलं होतं. नवी मूळ फाइल आली आणि मी उडवलेलं सगळं परत बसलं. आधी भरलेला फोटो, नाव – काहीच पुसलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं. माझ्या लॅपटॉपवर जुनंच साठवलेलं पान दिसत राहिलं, आणि मी बघत काय होते तर ऑर्डरी.

म्हणजे आलेल्या सगळ्या ऑर्डरी आईचं तोंड बघून आल्या. त्या लातूरच्या बाईंनीही ते बघूनच नको म्हटलं. मी झाकून ठेवलं होतं तेव्हा कुणीच आलं नव्हतं. ना घेणारं, ना टाकणारं.

आत आई बायकांना सांगत होती, “म्या तिला माझं नाव लाव म्हणून सांगितलं न्हाई. तिनं आपल्या मनानं लावलं. लई हिमतीची हाय माझी लुंबिनी.”

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी हसले! एवढी लाज मला त्या हॉस्टेलातही वाटली नव्हती.

१४ एप्रिल

मिरवणुकीआधी आईला सगळं सांगितलं. मी काढलं होतं, अपडेटनं परत आणलं. ती हार ओवत होती. शेवटची गाठ मारून म्हणाली, “मंजी ते मशीननं लावलं. आता तू लाव.”

चाइल्ड थीम केली, म्हणजे पुढचं कुठलंही अपडेट याला शिवणार नाही. ‘घरचा येसर’ पुसलं. आता सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात – सुमनबाईचा येसर.