झाकलेलं कपाट

प्रिय पिल्लू,

तुझा चित्रपट आपल्या चर्चच्या सभागृहात दाखवायचा की नाही, हे ठरवायला काल समिती बसली. निकाल शेवटी सांगतो. पार्श्वभूमीशिवाय निकाल सांगणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला ठाऊकच आहे.

पाळक या नात्याने मी आधी समजावलं, की ख्रिस्ती माणसाने चित्रपटाला प्रश्न विचारावेत : यात माणसाविषयी खरं काय सांगितलं आहे? तो पाहून शेजाऱ्यावरची माझी प्रीती वाढते की आटते? पुढचा प्रश्न मांडणार, तेवढ्यात तुझ्या आईने दिवे घालवले.

खजिनदारकाका गीतपुस्तक घेऊन प्रोजेक्टरपाशी बसले होते. आक्षेपार्ह काही दिसताच ते लेन्ससमोर धरायचं, असं ठरलं होतं. अंधारा जिना आणि घामेजलेलं जोडपं दिसलं मात्र, पुस्तक आडवं आलं. आवाज चालूच! "हळू… अगं, वर घे… थांब, अडकलं!" अखेर ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी कडाडल्या, "अहो, काढा ते पुस्तक! आमच्या डोक्यात चाललाय तो सिनेमा याहून वाईट आहे!" चित्रपट थोडा मागे नेऊन पाहिला, तर नवराबायको कपाट वर चढवत होते. "मला वाटलंच होतं," काका म्हणाले. काय वाटलं होतं, ते कोणी विचारलं नाही.

काही दृश्यांकडे पाठ फिरवणं शहाणपणाचंच. पण दृश्य नीट ओळखून मग फिरवावी. विवेकाची जागा डोळ्यांमागे असते, लेन्सपुढे नव्हे. हे मी जरा विस्ताराने सांगितलं.

मग लग्नाचा प्रसंग आला. त्यातले पाळक विवाहवचनांच्या मधेच 'प्रीती' या शब्दाची फोड करू लागतात आणि नवरी वेदीच्या पायरीवर बसकण मारते. मी पोट धरून हसलो. हसता हसता लक्षात आलं, की एकटा मीच हसतोय आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. काकांनी तर दयेपोटी पुस्तक पुन्हा उचललं होतं. "अहो, चष्मा कपाळावर ढकलायची लकबसुद्धा तुमचीच आहे," तुझी आई कानाशी पुटपुटली.

परवानगी मिळाली. पण हे पत्र त्यासाठी नाही. 'बाबांना लागेल' म्हणून तो प्रसंग आमच्यापुरता कापायला तू तयार आहेस, असं आईने आज सांगितलं. कापू नकोस. त्या पाळकाला तू हसलीस, पण त्याच्यावरची माया कुठेही कमी होऊ दिली नाहीस. मला ती दिसली. तक्रार एकच : नवरी बसल्यावर तो घाबरून थांबतो. मी थांबलो नसतो. त्या शब्दाचे आणखी दोन अर्थ शिल्लक होते.

तुझाच,
बाबा