अल्ताफचा होकार

प्रति,
ज्यांच्या सहीवाचून कागद हलत नाही ते साहेब,
अपंग दाखला विभाग.

विषय : अल्ताफच्या मेंदूत चिप बसवण्यास त्याचा होकार घरी येऊन ऐकण्याबाबत.
संदर्भ : आपण परत पाठवलेला आमचा पहिला अर्ज.

महोदय,

अल्ताफची मान तुम्ही मोडली. गेल्या वर्षी तो हिरड्याच्या झाडावरून पडला हे खरे. पण पडला तेव्हा त्याचे हात हलत होते. तोंडावरची माती त्याने स्वतः पुसली. वाडीला गाडीरस्ता मागून मागून म्हातारी माणसे मरून गेली, आपण दिला नाही. म्हणून शेजारच्या गेनूने रिवाजाप्रमाणे घोंगडीची झोळी बांबूला बांधली. बाळंतीण असो की साप चावून पान लागलेला, आमच्याकडे माणूस झोळीतूनच डोंगर उतरतो. झोळीत मान दुमडते हे कोणाला ठाऊक? पानशेतच्या दवाखान्यात पोचेतो मानेखाली सगळे गार पडले होते.

सदर अर्जदार महेजबीन ही अल्ताफची बायको. फेब्रुवारीत पुण्याचे डॉक्टर यंत्र खांद्यावर घेऊन तिच्या घरी वर आले. अल्ताफच्या डोक्याला तारा लावून म्हणाले, हात उचलायचे मनात आणा. हात हलला नाही. पडद्यावरची रेघ मात्र उठली. डॉक्टर म्हणाले, हुकूम सुटतो आहे, वाट तुटली आहे. परदेशात मेंदूत चिप बसवून तो हुकूम थेट यंत्राच्या हाताला पोचवायचे प्रयोग चालू आहेत. खात्री नाही, जिवाला धोकाही आहे, पण नाव पाठवता येईल. अल्ताफ म्हणाला, "रस्ता डोंगरातबी न्हाई आन् माज्या मानंतबी न्हाई. एक तरी होऊ द्या."

त्यासाठी आपला दाखला आणि आपल्यासमोर दिलेला होकार महिनाअखेर हवा. अर्जदाराने नवऱ्याचा अंगठा शाईत बुडवून उमटवला, तो आपल्या कारकुनाने खोडला. "अंगठा तुमी धरलाय बाई. उद्या ह्यो म्हणंल, बायकूनं डोकं फोडवलं. त्याला सोता उठवू द्या." अंगठा उठवता आला असता तर डोके कशाला उघडायचे, असे विचारले. त्यांनी चहा मागवला.

आता आपण म्हणता, त्याला समक्ष आणा. दवाखान्यातून खाटेवर वर आणतानाच त्याचा श्वास अडकला होता. नाव लागले तर डॉक्टर स्वतः सोबत राहून त्याला उतरवतील; एरवी हलवायचा तर सपाट फळीवर बांधून, आणि तरीही भरवसा नाही, असे त्यांनी बजावले आहे. हे ऐकून गेनूने स्वतःच्या घराचे दार बिजागरीतून काढून आणले. झोळीच्या दिवसापासून तो आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. अल्ताफ त्याला म्हणाला, "गेन्या, मी घसरलो तर घसरलो, दार तेवढं जपून न्हे. तुजी बायकू उघड्यावर निजतीया." गेनू हसला नाही. दार भिंतीला टेकवून तिथेच बसून राहिला.

डॉक्टर चढले, यंत्र चढले, आपणही चढावे. अल्ताफचे तोंड शाबूत आहे, हो म्हणायला अंगठा लागत नाही. आपण आला नाहीत तर येत्या सोमवारी आम्ही त्याला दारावर बांधून निघू. मग उतारावर जे होईल, तेही तुम्हीच केले असे समजू.

आपण येता की आम्ही निघू? रविवारच्या आत लेखी उत्तर द्यावे.

नम्र राहून थकलेली,
महेजबीन अल्ताफ
ता. वेल्हे, जि. पुणे
दि. १३ मार्च २००७

सोबत : पडद्यावरच्या रेघेचा कागद.
अल्ताफचा अंगठा : जागा मोकळी सोडली आहे. तिथे काय लिहायचे ते आपण कळवावे.