सकाळी सातचा आकडा

जळगाव

आबा,

नमस्कार. हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, तरी लिहिते.

माझं काम तुम्हाला कधी पटलं नाही. लोकांच्या घरून रक्तातली साखर तपासायची जुनी मशिनं गोळा करत काय फिरतेस, म्हणायचात. माणूस गेलं की ती कपाटात पडून राहतात. मी ती आणते, सेल काढते, आतले आकडे पुसते आणि सुटे भाग करायला पुढे पाठवते. कुणाचे आकडे कधी वाचले नाहीत.

काल तुमचं शिरपूरचं घर आवरताना तुमचं मशिन सापडलं. तुमचे मात्र वाचले.

रोज सकाळी सात. माझ्या फोनची वेळ. तुम्ही आकडा सांगायचात आणि वर सगळं ठीक असल्याची खात्री द्यायचात, "बठ्ठं बरं शे, बेटा."

शेवटचा आकडा नऊ फेब्रुवारीचा आहे. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे राहायला यायला पुन्हा नाही म्हणालात आणि मी चिडून बोलले, "मग तुमची साखर तुम्हीच बघा." त्यानंतर मी फोन केला नाही. तुमचाही आला नाही. हट्ट मी तुमच्याकडूनच घेतलाय. तुम्ही जूनमध्ये गेलात, तोवर मशिनमध्ये पुढचा एकही आकडा नाही. तपासायच्या पट्ट्यांची डबी जवळजवळ भरलेली.

हे मशिन मी जमा करणार नाही.

आज सकाळी सात वाजता त्यातलीच एक पट्टी घेतली आणि माझ्या बोटाला टोचलं. एकशे चार आली, आबा. मग आकडा सांगायला फोन हातात घेतला.

तुमची,
पुनम