तबेला आणि परवाना, दोन्ही भाचीच्या नावे

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने शर्यतीच्या घोड्यांची ट्रेनर, जिला या तबेल्यात लहानथोर सगळे आत्या म्हणतात, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला माणसांच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला विचाराल तर आमच्या घोड्यांच्या डॉक्टरांचा शब्द जास्त खरा, कारण ते मला रोज सकाळी सहन करतात. वकीलसाहेब समोर बसले आहेत आणि वाक्य लांबले की घसा खाकरतात.

कलम १. बँकेतल्या पैशांतून आधी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांचे पगार आणि चारेवाल्याचे बिल चुकते करावे. उरलेल्यातून रेसकोर्सवर, वजनखोलीच्या दाराबाहेर, एक बाक बसवावा. वजनखोलीत शर्यतीआधी जॉकी आणि खोगीर यांचे वजन होते. आत फक्त परवाना असलेल्या ट्रेनरला सोडतात. मी कामाला लागले तेव्हा बाईला परवाना देण्याची सोय शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या नियमांत नव्हती, म्हणून परवाना माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या नावावर काढला. दादाचे चष्म्यांचे दुकान होते. शर्यतीच्या दिवशी तो दुकानाला कुलूप लावायचा, सूट चढवायचा, मी दारात सांगितलेले आत जाऊन जॉकीला सांगायचा, आणि अर्धे विसरून परत विचारायला बाहेर यायचा. मी उन्हापावसात तिथेच उभी. तेव्हा बाक पाठ टेकता येईल असा असावा आणि त्यावर छप्पर असावे. क्लब नाही म्हणाला तर पुन्हा विचारावे आणि मग पुन्हा विचारावे. मला परवाना असाच मिळाला.

कलम २. माझी पद्धत मी सगळ्या ट्रेनर मंडळींना फुकट देते, कारण ती त्यांनी कधीच उचलली आहे. मात्र चुकीची उचलली आहे, ती इथे दुरुस्त करते. घोडा हा कळपातला प्राणी. त्याला एकटे कोंडले की तो जागच्या जागी डोलतो, दाराचे लाकूड कुरतडतो आणि दाणा तसाच ठेवतो. मी दोन ठाणांमधली, म्हणजे घोडे बांधायच्या खणांमधली, भिंत छातीपर्यंत उतरवली आणि शेजाऱ्यांची तोंडे एकमेकांना लागू दिली. मालक ज्याला विकायला निघाला होता, त्या भित्र्या घोड्याने त्या मोसमात मोठा कप आणला. मग जिकडेतिकडे भिंती उतरल्या. एकटा घोडा कोंडून ठेवणारा तबेला आता शोधावा लागतो. याला नाव पडले 'दादांची पद्धत'.

दादाने त्यावर भाषणही ठोकले. वेगवान घोड्याशेजारी वेगवान घोडा बांधा, म्हणजे ईर्ष्या वाढते, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. मी नेमके उलटे करते. तापट घोड्याशेजारी मी शांत, वयस्क घोडा ठेवते. त्या भाषणानंतर मोठमोठ्या तबेल्यांत घोडे एकमेकांना चावत सुटले आणि ट्रेनर लोक ते पद्धतशीर चावून घेत राहिले. शेवटी दादाची मुलगी, माझी भाची, तबेल्या-तबेल्यांत जाऊन जोड्या बदलून आली. लोकांनी तिचे आभार मानले आणि बाबांना नमस्कार सांगा म्हणाले.

पुढे नियम बदलला. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या नावाचा परवाना काढला. भावाची गादी बहिणीने सांभाळली, असे वर्तमानपत्राने छापले. ते वाचून मी हातातला चहा तसाच टाकून घोड्यांकडे गेले.

कलम ३. माझी दुर्बीण भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला द्यावी. पोरगा गुणी आहे, विमा छान विकतो. त्याने घोडे लांबून पाहावेत.

कलम ४. तबेला, सरावाची जमीन, वरच्या दोन खोल्या, खोगिरे, खरारे आणि माझे स्वतःचे घोडे हे सर्व मी माझ्या भाचीला देते. कॉलेज सोडून ती इथे आली ती गेलीच नाही. कोणत्या घोड्याचा पाय उद्या सुजणार हे तिला आज कळते. परवाना वारशाने देता येत नाही, हे वकीलसाहेबांनी दोनदा सांगितले आहे. म्हणून अट घालते: तिने परवाना स्वतःच्या नावावर काढावा. तो दुसऱ्या कोणाच्याही नावावर, तात्पुरता का होईना, निघाला, तर हे सगळे विकून येणारा पैसा म्हाताऱ्या घोड्यांच्या कुरणाला जावा.

अट कडक आहे, मुलीलाच शिक्षा होईल, असे वकीलसाहेब म्हणतात. पण गेल्या रविवारी जेवताना दादाने काय ठरवले ते त्यांनी ऐकलेले नाही. माझ्यामागे परवाना भाच्याच्या नावावर घ्यायचा, काम काय, तीच करणार, पण पुरुषाचे नाव असले की मालकांना बरे वाटते. दादा हे मायेनेच बोलत होता. भाची पान अर्धे सोडून दाणापाणी बघायला निघून गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. माझे आयुष्य वजनखोलीच्या दारात गेले, तिचे जाऊ देणार नाही.

कलम ५. सर्व कप दादाला द्यावेत. जवळजवळ सगळ्यांवर त्याचेच नाव कोरलेले आहे, आणि पाहुणे आले की तो ते पुसत बसतो. दादावर माझा राग आहे आणि जीवही आहे. सूट घालून तो आत गेला नसता तर माझा एकही घोडा धावला नसता, हे मी विसरलेले नाही.

येथवर लिहून झाले आणि दादाच दारात उभा राहिला. खोलीपर्यंत येताना ठाणांवरून यावे लागते, म्हणून नेहमीप्रमाणे हात पाठीशी बांधून, भिंतीला चिकटून आला होता. त्याला घोड्यांची भीती वाटते. त्याने कागद मागितला, मी दिला. त्याने सगळा वाचला, चौथे कलम परत वाचले.

"म्हणजे तू माझ्या पोरीला माझ्यापासून सांभाळतेयस," तो म्हणाला.

"हो, दादा."

त्याने चष्मा काढून पुसला. मग साक्षीदार कोण आहेत, असे त्याने वकीलसाहेबांना विचारले. एक घोड्यांचे डॉक्टर, दुसरा नालबंद, तो खाली नाल ठोकतोय, असे ते म्हणाले. नालबंदाच्या जागी मी सही करतो, असे दादा म्हणाला. वकीलसाहेबांनी समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही आणि कप तर त्यांनाच ठेवले आहेत.

"मग कप काढ," दादा मला म्हणाला.

"नीट विचार कर."

"केला. उद्या पोरगा कोर्टात गेलाच, तर बापाची सही त्याच्यासमोर असू दे."

मी पेन उचलून पाचवे कलम खोडले.

कलम ५ रद्द. कप भाचीला जातील, तिने त्यांचे काय वाटेल ते करावे. खोडलेल्या ओळींशेजारी आम्ही सर्वांनी सह्या केल्या आहेत.

याआधीचे कोणतेही कागद आता चालणार नाहीत. हे वाचून, समजून, दोघा साक्षीदारांच्या देखत सही करते.

ठिकाण: तबेल्यावरची खोली.
दिनांक: मोसमातल्या शेवटच्या शर्यतीनंतरचा सोमवार.

सही: आत्या. धंदा: ट्रेनर.

साक्षीदार पहिला: घोड्यांचे डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरा: हिचा थोरला भाऊ. धंदा: चष्म्यांचे दुकान. या तबेल्यातला एकही घोडा मी तयार केलेला नाही. सगळे हिने केले, आणि आता माझी मुलगी करते. सही.