पाचवर कट्, मग बस

प्रिय शर्मिष्ठा,

हे पत्र सायकलच्या हँडलला बांधून ठेवलं आहे. पूर्ण वाचून होईपर्यंत तिच्यावर बसू नकोस. मी घरी नाही. आईला सगळं माहीत आहे, पण आधी तिला विचारू नकोस. ती तिच्या पद्धतीनं सांगेल.

रविवारी गोव्यात तुझी शर्यत. हैदराबादला नोकरीच्या ट्रेनिंगला जाताना तू दहा दिवसांची कामं लिहून कागद फ्रिजवर चिकटवलास. चेनला मेण, गिअर, कोपर टेकायच्या गाद्यांचे बोल्ट, आणि शेवटी सीट. मागच्या वेळी नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर शंभर किलोमीटर केलेस तेव्हा सीट दोन मिलिमीटर खाली सरकली, असं लिहिलं होतंस. दोन मिलिमीटर. मी छत्तीस वर्षं वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात काढली. तिथं दोन मिलिमीटरला आम्ही नाव दिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी सायकल फक्त उचलून पाहिली. एका हातानं उचलली गेली. रिकामी वॅगन वीस टनांच्या वर असते. मागचं चाक हातानं फिरवून दिलं आणि चहा घेतला. कप ठेवला तरी ते फिरत होतं, आवाज न करता. चाक या वस्तूबद्दल मला सगळं ठाऊक आहे असा माझा समज होता.

चेन धुतली. उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ घरात रोजच येते, पण एवढ्याशा कड्यांतून किती निघाली. मेण वितळवायला आईचं दुधाचं जुनं पातेलं घेतलं. ती म्हणाली, "चेनची भाजी करून राहिले का? फोडणी देऊ?" मग तीही तिथंच थांबली. चेन बुडवल्यावर प्रत्येक कडीतून बारीक बुडबुडे येऊ लागले. ते थांबले की मेण आत पोचलं, असं तू लिहिलं होतंस. थांबायला अठरा मिनिटं लागली. आम्ही दोघं विहारात बसतो तसे गप्प बसलो होतो. शेवटचा बुडबुडा आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोट्टी हे सगळं एकटी करते?"

गिअरला तार नाही, हे मला आधी पटलं नाही. बटण दाबलं की मागे मोटर हलते. पाचव्या गिअरला चेन किंचित घासत होती. तू सांगितलंस तशी मोटर बटणानं एक खूण आत घेतली. डोळ्यांना काही हललेलं दिसलं नाही. आवाज मात्र गेला.

कोपरांच्या गाद्या काढल्या तेव्हा बोल्टच्या डोक्यांवर पांढरा थर होता. आधी रंग वाटला. बोटानं घासून जिभेला लावला. मीठ होतं. तुझा घाम तिथं ठिबकून, वाळून, एक बोल्ट गंजला होता. मी भट्टीजवळ काम केलं आहे. माझ्या घामानं लोखंड गंजलेलं मी कधी पाहिलं नाही. तू सहा वर्षं पहाटे निघून जातेस, मी दार लावून परत झोपतो. तुझी एकही शर्यत मी पाहिलेली नाही. तो बोल्ट मी फेकला नाही. माझ्या पाकिटात आहे.

राहिली सीट. सीटची नळी कार्बनची, पात्यासारखी चपटी. बाहेर काढली, पुसली, खरखरीत पेस्ट लावली, तुझ्या खुणेवर बसवली. कागदावर तू मोठ्या अक्षरांत लिहिलं होतंस, "पाच पर कट्, फिर बस, पापा." ठरलेला जोर झाला की कट् वाजणारा तुझा टॉर्क पाना पाचवर लावला. कसत गेलो. कट् झालं.

आमच्या शॉपमध्ये नट पूर्ण कसला की पान्याला आणखी एक झटका द्यायची रीत होती. तिला 'एक हाथ ऊपरवाले का' म्हणत. मी नवा होतो तेव्हा म्हणालो, आम्ही ऊपरवाला मानत नाही. माझे उस्ताद देवीदास म्हणाले, "मंग तुह्या मायच्या नावानं दे गंगाधर, पण दे." छत्तीस वर्षं दिला. त्या हातामुळं एकही वॅगन सुटून आली नाही.

तो हात मी तुझ्या सायकलला दिला. ठरवून नाही. सीट पुन्हा सरकू नये एवढंच मनात होतं, आणि हात आपोआप गेला. फार लहान आवाज झाला, पापड मोडल्यासारखाही नाही.

नळी काढून उजेडात धरली. काही दिसेना. सुती फडकं फिरवलं, तर एका जागी धागा अडकला. मग आम्ही चाकं तपासायचो तसं नाण्यानं ठोकत गेलो. सगळीकडं टणक वाजत होतं, त्या जागी बद्द. फ्रेमही अशीच पूर्ण तपासली. ती चांगली आहे. नळीला चीर आहे.

आणखी एक सांगायचं आहे. नळी जागेवर बसवली की चीर फ्रेमच्या आत जाते, कोणाला दिसत नाही. मी तशी ती बसवून पाहिली. मिनिटभर तशीच राहू दिली.

फोनवर सांगितलं असतं तर तू "कोई बात नहीं, पापा" म्हणाली असतीस आणि मी तेवढ्यावर सुटलो असतो. म्हणून लिहिलं. मी सकाळच्या गाडीनं नागपूरला परागकडं जातो आहे. गेल्या वर्षी तुझ्यापुढं दोन मिनिटं होता, तोच. गुडघ्यामुळं तो यंदा उतरत नाही. त्याची सायकल मोठी, पण नळी एकाच मापाची. तो फोनवर म्हणाला, "काका, नळीच काहून, अख्खी सायकल घेऊन जा ना." संध्याकाळी परत येईन. तुझं विमान शुक्रवारी आहे, तेवढा वेळ पुरतो. पराग सोबत यायला आणि नळी स्वतः बसवून द्यायलाही तयार आहे. बसवायची कोणी, ते तू ठरव. माझ्या हातावर भरवसा वाटत नसेल तर दुपारपर्यंत मला फोन कर. मला वाईट वाटेल, पण मी त्याला घेऊन येईन.

तुझाच,
पापा