पुठ्ठ्याखालची रेघ

सोमवार
आलो एकदाचा! घर काय सांगू, त्यापेक्षा दवाखाना बरा. भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, पडदे काळे. कपसुद्धा काळा, त्यामुळे चहा किती उरलाय तेच कळत नाही. मालकीणबाई पंधरा दिवस परगावी गेल्यात. बैठकीतल्या मोठ्या चित्राला फ्रेम करायची, पण चित्र घराबाहेर न्यायचं नाही, म्हणून मुक्काम इथेच. माझ्या घरी रंगकाम काढलंय, तेव्हा पथ्यावरच पडलं.

चित्र म्हणजे पांढऱ्या कागदावर काळ्या सरळ रेघा. संपलं. तीस वर्षं फ्रेमा करतोय, नवरा-नवरीपासून वारलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना काचेत बसवलं, पण हे कशाचं चित्र ते डोक्यात शिरेना. मालकीणबाईंनी जाताना दोनदा बजावलं, की कागद कापायचा नाही. अहो, मी काय न्हावी आहे?

मंगळवार
चित्र नीट पाहिलं. एक मोठा चौकोन, त्याच्या आत लहान लहान चौकोन. बाहेरची रेघ कागदाच्या अगदी कडेने जाते आणि डावीकडे बोटभर तुटलीय. शाई संपली असणार. फार अर्धवट दिसतं. कापायचं नाही ना? नाही कापलं. चारी बाजूंनी दोन बोटं रुंद पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी लावून कडा झाकल्या. टेप संपली होती, म्हणून खालून गोंद आणून सरळ चिकटवूनच टाकलं. आमच्या धंद्यात हे पाप, पण बघतंय कोण?

गोंद आणताना ठकीला फोन केला. माझी लेक, दोन वर्षं बोलत नव्हती. तिच्या आईच्या आजारपणात मी दुकान सोडलं नाही, हा तिचा राग, आणि तो खोटा नाही. शुक्रवारी येते म्हणाली! मला बेल ऐकू येत नाही, म्हणून रखवालदाराकडून दुसरी किल्ली घे असं तिला सांगितलं. आनंदाच्या भरात फोन स्कूटरच्या डिकीतच राहिला. उद्या आणीन.

बुधवार, सकाळ
फोन आणायला निघालो तर दार सापडेना. आधी हसूच आलं. चष्मा पुसला. दाराच्या जागी पांढरी भिंत, ठोकली तर भरीव. पडदे सरकवले. खिडक्या नाहीत. मागे भिंतच.

दुपार
कळलं. अरे गाढवा, हे चित्र म्हणजे हे घर! लहान चौकोन म्हणजे खोल्या, मोजून पाहिल्या. डावीकडे रेघ तुटली होती ते दार. मीच झाकलं ते, कडेच्या खिडक्यांसकट.

बैठकीच्या चौकोनात एक काळा ठिपका आहे. काल नव्हता. मी डावीकडे गेलो की तोही डावीकडे सरकतो.

गुरुवार
पट्टी सोलायला घेतली. गोंदाने कागद घट्ट धरलाय. कोपऱ्यात टीचभर फाटला — आणि झोपायच्या खोलीत कडाडलं. भिंतीला भगदाड. पलीकडे रस्ता नाही, आकाश नाही. नुसतं पांढरं. चप्पल टाकून पाहिली. पडल्याचा आवाज आला नाही.

ओरडून ओरडून घसा गेला. भीती वाटते. फार.

शुक्रवार
ओल्या फडक्याने गोंद भिजवतोय. दाराच्या जागेपासून. नखाएवढं सुटलं —

ठकी येईल. तिला बाहेरून दार दिसणारच. पुठ्ठ्याखाली ते आहेच ना कागदावर. आत येता येईल. पण आतून —

नको येऊस गं. दोन वर्षं तुझी वाट पाहिली, आता देवाशप्पथ नको येऊस.

पट्टीखालून काहीतरी सरकलं. दुसरा ठिपका. बारीक.

भिंतीत किल्ली फिरतेय. चक्क ऐकू येतंय मला. फट पडली — उजेड — तिची चप्पल —

बाबा म्हणून हाक मारतेय. माझा आवाज फुटत नाही. हे पानच फाडून तिच्यासमोर धरतो, मोठ्या अक्षरांत —

ठके, तिथेच थांब. दार लावू नकोस, ते आतून पुन्हा उघ