जयमाला साळवेच्या पानावरचा आकडा

४ जुलै १९९९, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या दिवसांची माहिती पुढे कुणाला सापडत नाही. माझ्या बाबतीत तशी अडचण येऊ नये.

आधी ओळख. गहिनीनाथ कारभारी शेटे, वय पंचवीस, बी.एस्सी. धंदा : फ्रीलान्स वेब डेव्हलपर. श्रीरामपुरातला पहिला. कार्डावर जी. के. शेटे छापलंय, कारण गहिनीनाथ नावाला अमेरिकेतून काम येणार नाही. दादांनी (वडील, खत-बियाण्यांचं दुकान, वर आमचं घर) कार्ड उलटंपालटं करून विचारलं, समदं ठीक हाय, पन तू करतो काय. बराच वेळ समजावलं. म्हणाले, म्हंजे बोर्ड रंगवायचं काम. वाद घातला नाही.

माझी वेबसाईट इंटरनेटवर येऊन दोन महिने झाले. वर फिरती पृथ्वी, दोन्ही बाजूंना तेवत्या ज्योती, मग माझा स्टुडिओतला फोटो पूर्ण आकारात, मग बायोडाटा, आणि अगदी तळाशी किती लोक येऊन गेले ते दाखवणारा काउंटर. भक्कम काम.

संध्याकाळी इंटरनेट मित्र मंडळाची सभा, आसाराम सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. सभासद आठ, मंडळाचा मोडेम एक. तिथे टायपिंग शिकवणारी जयमाला साळवे उठून म्हणाली की तिनेही एक साईट केली आहे, नाव 'श्रीरामपूर आज'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एचटीएमएल ती माझ्याच नोट्सच्या झेरॉक्सवरून शिकली, हे मात्र कुणी बोललं नाही. मीही टाळ्या वाजवल्या. मन मोठं ठेवायचं.

१२ जुलै, दुपारी २
तिची साईट बघितली. उगीच, माहिती असावी म्हणून. घरच्या फोनवरून इंटरनेटला पुण्याचा एसटीडी लावावा लागतो, बिल दादांचं, त्यामुळे दादा जेवून आडवे झाले की मगच.

काय आहे त्यात? एसटीच्या वेळा, रेल्वेच्या वेळा, मुळा आणि भंडारदरा धरणांत आज पाणी किती. मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत. पृथ्वी नाही, ज्योत नाही, फोटो तर नाहीच. पांढरं पान, काळी अक्षरं, लगेच उघडतं. ज्याला गाडीची वेळ पाहिजे तो स्टँडवर जाईल की. कंट्रोलर माईकवर ओरडतच असतो.

काउंटर : ११. त्यातले दहा वेळा तीच असणार. बिचारी.

१३ जुलै, दुपारी २
१२. कालपासून कुणीतरी येऊन गेलं. कोण असेल? खात्री करायला पान पुन्हा मागवलं. १३. म्हणजे मी बघत असतानाच आणखी एक जण आला. पुन्हा मागवलं. १४. रांग लागली आहे.

मला मत्सर वाटत नाही. शिष्याची प्रगती बघून गुरूला जे वाटतं ते वाटतंय. ते छातीच्या जरा खाली, पोटाजवळ वाटतं.

१८ जुलै, रविवार
मंडळात आसाराम सर म्हणाले, एकच माणूस दहादा आला तरी काउंटर दहा मोजतो. मला शिकवतात. नोट्समध्ये मीच लिहिलंय ते. पण तो नियम येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी आहे. मी तिथे निरीक्षक म्हणून जातो.

स्वतःची साईट मी बघत नाही. स्वतःच्या गळ्यात स्वतः हार घालण्यासारखं आहे ते. शिवाय फ्लॉपीत आहेच.

१ ऑगस्ट, रविवार
ऐतिहासिक दिवस. साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेब स्वतः मंडळात आले. शेजारच्या कारखान्याची वेबसाईट झाली, हे कळल्यापासून त्यांना झोप नाही. म्हणाले, आपली त्यांच्यापरीस मोठी पायजे. ऑक्टोबरात बॉयलर पेटवायचा कार्यक्रम असतो, त्याच मांडवात आपल्या साईटचं उद्घाटन. काम मंडळातल्याच पोराला द्यायचं.

कुणाला ते कसं ठरवायचं, असं सरांनी विचारलं. आबासाहेब म्हणाले, सभंला मानूस किती जमतं त्यावरनं पुढाऱ्याची किंमत कळती. तुमच्याबी पानावर मानसं मोजायचं यंत्र हाय म्हनं. ज्याच्याकडं गर्दी त्याचं काम. सहकारात अशी स्पष्ट विचारांची माणसं कमी.

घरी येऊन दादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग असं ठरवू. कारखान्याचं काम भेटलं तर तू तुझा मोकळा. न्हाई भेटलं तर रब्बीला दुकानात बसायचं, गुमान. मी लगेच हो म्हणालो. दुकानात मी शेवटचा बसलो तेव्हा खताच्या वासाने दोन दिवस डोकं दुखत होतं. आता तो प्रश्नच मिटला.

संकल्प : १) साईट आणखी देखणी करणे. २) जयमालाच्या साईटकडे ढुंकून न बघणे.

२ ऑगस्ट, दुपारी २
ढुंकून बघितलं. ८७.

८ ऑगस्ट
साईटवर सनईचं संगीत टाकलं. आता पान उघडताच सनई वाजेल. मंडळातला एक जण म्हणाला की त्याने माझी साईट उघडायला घेतली, चहा करून पिऊन आला, तरी पृथ्वीच चालू होती. लोकांना घाई फार. दर्जा म्हटलं की थोडं थांबावं लागतं.

१५ ऑगस्ट
नवी कल्पना. जयमालाच्या साईटमध्ये चुका आहेत. काल दौंड गाडीची वेळ दहा मिनिटांनी चुकवली होती. लोकांना चांगल्यावाईटातला फरक डोळ्यांनी दाखवला पाहिजे. झेंडावंदनानंतर ओळखीच्या सगळ्यांना तिच्या साईटचा पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, बघाच किती साधं काम आहे. कॉलेजच्या सरांना दौंड गाडीच्या चुकीसकट दिला, दोन डॉक्टरांना दिला, संगमनेरच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला फोन करून दिला. त्याने त्याच्या सगळ्या मुलांना दाखवतो म्हणून सांगितलं.

माझ्याही साईटचा पत्ता देणार होतो, पण तो फार लांब आहे, मधे तीन तिरक्या रेघा आणि एक आकडा. लोकांकडे तेवढा कागद नव्हता.

१९ ऑगस्ट, दुपारी २
तिचा आकडा एकदम तीनशेच्या वर. शहरात अभिरुची म्हणून काही उरलेली नाही.

जळतं. सरळ लिहितो, ही वही कोण वाचणार आहे. पोटात आग पडते. ती काही विशेष करत नाही, आरडाओरडा करत नाही, कार्ड छापत नाही. रोज धरणाचं पाणी लिहिते आणि लोक जातात. मी रात्रंदिवस ज्योती तेवत्या ठेवल्या, तिकडे कुणी फिरकत नाही. आईने लिंबूपाणी दिलं. ॲसिडिटीही असू शकते.

३० ऑगस्ट
संकट. दादांनी फोनला कुलूप लावलं. डायलच्या भोकात अडकवायचं ते छोटं पितळी, आणि मोडेमची वायरही काढून ठेवली. कारण सांगितलं नाही, किल्ली कमरेला. मी म्हणालो, धंदा कसा करायचा. ते म्हणाले, धंदा म्हनजी दुसऱ्याच्या दुकानात किती गिऱ्हाईक हाय ते बघत बसनं न्हवं. त्यांना वेब समजत नाही, म्हणून सोडून दिलं.

३ सप्टेंबर
चार दिवस आकडा माहीत नाही. जेवणात लक्ष नाही. नऊशे झाला असेल. किंवा साडेतीनशेवरच अडकला असेल. दुसऱ्या विचाराने जरा भूक लागली, पण लगेच पहिला आला.

४ सप्टेंबर
एसटीने राहुरीला गेलो. मावसभाऊ कृषी विद्यापीठात आहे, त्याच्या साहेबांच्या टेबलावर इंटरनेट. भावाला वाटलं नोकरीचं बघायला आलो. दुपारी दोनला साहेब जेवायला उठले तेव्हा बसलो. गंमत म्हणजे चार दिवसांत आकडा फारसा हललाच नव्हता. हरखून गेलो. विश्वास बसेना म्हणून पान पुन्हापुन्हा मागवलं. साहेब येईपर्यंत बराच वाढला. म्हणजे माझी पाठ फिरली की लोक थांबतात आणि मी बसलो की येतात. निव्वळ माझं नशीब.

जाताना गाडी बरोबर वेळेवर मिळाली. वेळ तिच्याच साईटवरची लक्षात होती. हे कुणाला सांगायचं नाही.

१२ सप्टेंबर
राहुरीला आता एक दिवसाआड जातो. कंडक्टर ओळखतो.

रात्री जेवताना आई म्हणाली, त्या साळव्यांच्या पोरीचं नाव तुझ्या तोंडात सकाळ-संध्याकाळ असतं, तुझ्या मनात काही असेल तर सांग, मी बोलून बघते. मी ताटावरून उठलो. म्हटलं, ती माझी प्रतिस्पर्धी आहे. आई म्हणाली, आमच्या वेळी त्याला असं म्हणत नव्हते. भाकरी हातात घेऊन गच्चीवर गेलो.

१० ऑक्टोबर, रविवार
निकाल. आबासाहेब मंडळात आले. आसाराम सरांनी सगळ्यांच्या साईटी एकेक उघडून आकडे वाचले. जयमाला : १,९१२. बाकीचे शंभर-दीडशे.

माझी साईट उघडायला वेळ लागेल म्हणून मीच आकडा तोंडी सांगायची परवानगी मागितली. सर म्हणाले, त्यांनी सकाळीच उघडायला ठेवली होती, आकडा टिपून घेतलाय. नऊ. मी उभा राहून म्हणालो, नऊ आहेत, पण निवडक आहेत. आबासाहेब म्हणाले, नऊ मानसांत आमची संचालकांची मीटिंगसुदीक भरत न्हाई.

काम जयमालाला. मी तिचं अभिनंदन केलं. तिने थँक यू म्हणून विचारलं, दौंड गाडीची वेळ चुकली होती ते कॉलेजच्या सरांना तुम्हीच सांगितलं ना? फार उपयोग झाला. मनापासून म्हणत होती. तेच जास्त लागलं.

१७ ऑक्टोबर, रविवार
बॉयलरचा कार्यक्रम. खताचा व्यापारी म्हणून दादांना निमंत्रण, मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. जायचं नव्हतं. न गेलो तर लोक म्हणतील जळतोय, म्हणून गेलो.

पूजा झाली, बॉयलर पेटला, आबासाहेबांनी माऊसला हळदकुंकू वाहून साईट उघडली. मग जयमालाला बोलायला लावलं. मी लक्ष नाही असं दाखवत मांडवाचे बांबू बघत होतो.

ती म्हणाली, सुरुवातीला तिच्या पानावर कुणी येत नव्हतं. रोज तीच उघडायची आणि तीच बंद करायची. ती साईट काढून टाकणार होती, नाशिकला टायपिस्टची नोकरी बघितली होती. आणि मग जुलैच्या मध्यापासून रोज दुपारी दोनच्या सुमाराला कुणीतरी यायला लागलं. ती दोनच्या आधी आकडा बघून ठेवायची आणि तीनला परत बघायची. तिचं स्वतःचं बघणं वजा करूनही वाढलेला असायचा. कधी एकाने, कधी तीस-चाळीसने. तिला वाटलं, एका माणसाला धरणाच्या पाण्याची एवढी काळजी असेल तर आपण बंद करणं बरं नाही. त्या माणसासाठी ती रोज दोनच्या आत पाण्याचा आकडा भरायची. मधे चार दिवस तो आला नाही, तेव्हा आजारी पडला की काय म्हणून तिला जेवण गेलं नाही. तो माणूस श्रीरामपूरचाच असावा. मांडवात असेल तर त्याने उभं राहावं, तिला त्याचे आभार मानायचे आहेत.

सगळे मागे वळून बघायला लागले. मीही वळून बघितलं.

दादांनी कोपराने ढोसलं. हळूच म्हणाले, ऊठ की, तुलाच म्हनतीय ती. दुपारी ते झोपतात असा माझा तीन महिने समज होता.

उठलो नाही. उठता आलं नाही. आजवर माझ्यासाठी कुणाचं जेवण थांबलेलं नव्हतं, आईचं सोडून. आबासाहेब माईकवर म्हणाले, असू द्या, लाजाळू दिसतोय गडी, टाळ्या वाजवा त्याच्या नावानं. सबंध मांडवाने वाजवल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या. बसून ऐकल्या, आणि ओळखू येऊ नये म्हणून थोड्या वाजवल्याही.

१८ ऑक्टोबर
ठरल्याप्रमाणे दुकानात. गव्हाचं बियाणं आलंय. वास पूर्वीसारखाच.

विचार केला तर कारखान्याची साईट माझ्यामुळेच झाली. पाया माझा. बाहेर बोलणार नाही, पण नोंद असावी.

२५ ऑक्टोबर, दुपारी २
दादांनी आपणहून कुलूप काढलं, वायर दिली. म्हणाले, बघ एकदा. शेजारी खुर्ची ओढून बसले.

लावलं. पांढरं पान आलं. त्यावर एकच ओळ, इंग्रजी अक्षरांत मराठी : कारखान्याच्या कामामुळे ही साईट बंद करत आहे, येणाऱ्यांचे आभार. एसटी नाही, धरण नाही. काउंटरही काढून टाकलेला. पुन्हा मागवलं. तेच. भंडारदऱ्यात आज पाणी किती आहे ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर दिवसभर मी त्याचीच वाट बघत होतो.

दादा म्हणाले, आता तुझं दाव.

इंटरनेटवरून माझी साईट मी पहिल्यांदाच उघडत होतो. सनई वाजली नाही. पृथ्वी आली, थोडी फिरली, थांबली. एक ज्योत आली. मग वरून फोटो यायला लागला. केस आले. भांग आला. कपाळ सुरू झालं. कपाळ बरंच मोठं आहे माझं. दादांनी विचारलं, पुढं काय हाय? मी म्हणालो, मीच आहे. त्यांनी आणखी थोडी वाट बघितली, खाली गिऱ्हाईक हाक मारत होतं, ते गेले.

मी भुवयांपर्यंत थांबलो. मग मलाही कंटाळा आला. बंद केली आणि खाली दुकानात गेलो.